माझ्या नावाची स्की

सकाळी फावड्याने ड्राइव्ह-वे साफ करावा, तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच बर्फ. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मंडळींच्या स्कीइंगच्या गोष्टी तशाच आहेत. एक सांगून होईतो दुसरी दारात येऊन पडलेली.

आमची मंडळी म्हणजे फार नाहीत. माझा मिलिंद, सून वैदेही, नात इरा, आणि मिलिंदच्याच कंपनीतला नागपूरचा संजय नि त्याची बायको रेखा. दर हिवाळ्यात गाडी काढून वरच्या अंगाला डोंगरावर जायचं. मी सोबत, डबे आणि पिशव्या सांभाळायला.

वाद दर वर्षी तोच. स्की आणि बूट भाड्याने घ्यायचे, ते घरूनच ऑनलाइन बुक करायचे की डोंगरावर जाऊन घ्यायचे? मिलिंद कॉम्प्युटरवाला. संजय म्हणायचा, "बूट आणि नवरी प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी बाप्पा."

रेखा शांतपणे म्हणाली, "पाहून घेऊन तुला काय कळलं होतं?"

*

पहिल्या वर्षी मिलिंदचं चाललं. तो कॉम्प्युटरपुढे बसून एकेकाचं विचारत होता. उंची झाली, वय झालं, मग म्हणाला, "वैदेही, वजन?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कशाला हवंय?"

"अगं, त्यावर स्कीचा स्क्रू बसवतात. जास्त लिहिलं तर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही, कमी लिहिलं तर उगीचच सुटते."

"मग लग्नातलं लिही."

बायको सांगते म्हटल्यावर नवरा काय करणार? त्याने लिहिलं. डोंगरावर वैदेहीने पाऊल टाकलं की स्की सुटायची. स्की एकीकडे, ही दुसरीकडे. पाय घालायची, दोन हात पुढे जायची, पुन्हा तेच. शेवटी येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली.

इरा तेव्हा नऊ वर्षांची. वरून सुळकन घसरत आली आणि म्हणाली, "आई, यू आर ऑन बॅग ड्यूटी विथ आजी?"

पोर हसत गेली. वैदेही हसली नाही. थोड्या वेळाने मला म्हणाली, "आई, एकदा तरी मला तिच्याबरोबर वरून खाली यायचंय. एकदाच. मग नाही आले तरी चालेल."

*

दुसऱ्या वर्षी संजयचं राज्य. "जागेवर घेऊ, मोजून घेऊ, घालून पाहू."

तिथे रांग अशी, की गणपतीच्या दर्शनाला लाजवेल. संजयने पुढच्या गोऱ्या माणसाला चिवडा दिला, मागच्याला दिला, दोघांशी दोस्ती केली. बर्फावर बसून खायला मी दशम्या नेल्या होत्या, त्या रांगेतच संपल्या.

नंबर लागला तेव्हा बूट उरले होते ते एक तर लेकरांचे, नाहीतर राक्षसाचे. संजयने राक्षसाचे घेतले. चालायला लागला तर पाय आधी वळायचा, बूट मागाहून.

"कसे आहेत?" मिलिंदने विचारलं.

"हवेशीर आहेत."

वैदेहीच्या मापाचे नव्हतेच. ती आली, पिशवी उचलून बाकावर जागा केली आणि बसली. दशमीसुद्धा उरली नव्हती द्यायला.

*

तिसऱ्या वर्षी मिलिंदने अक्कल लढवली. ऑनलाइन बुकिंग, पण सामान आदल्या संध्याकाळीच गावातल्या दुकानातून उचलायचं. वजन वैदेहीने खरं सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. चिठ्ठीवर लिहून, घडी करून दिलं. बूट दुकानात घालून पाहिले, अगदी बेतशीर. बूट रात्री गाडीत गारठू देऊ नका, असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून सगळे केबिनमध्ये आणले.

आता आपली माणसं. पायातला असो की हातातला, बूट म्हटला की जागा दाराशी! सगळ्यांचे करडे, एकाच कंपनीचे, एका ओळीत. सत्यनारायणाला आल्यासारखे.

सकाळी संजय आणि रेखा आपले बूट उचलून लवकर पुढे गेले. मागून वैदेही पाय घालते तो एक बूट बसला, दुसरा टाचेशीच अडला. रेखा तिचा एक घेऊन गेली होती. फोन लावावा, तर डोंगरावर फोन लागेना. तोंडावर फडकी बांधलेल्या इतक्या लोकांत रेखा सापडणार कशी?

ती सापडली जेवायच्या वेळेला, लंगडत.

"अगं, एक पाय सैल वाटला नाही का तुला?" वैदेहीने विचारलं.

"वाटला ना. पण मी म्हटलं, वळण्यासाठी असेल."

*

मागच्या हिवाळ्यात मिलिंदने पुन्हा ऑनलाइनच केलं. तिघांपेक्षा चौघांचं पॅकेज स्वस्त निघालं, म्हणून चौथं नाव माझं घातलं. वय अडुसष्ट. माझ्या नावाला नवशिक्यांच्या शिकवणीचा वर्गसुद्धा जोडलेला, तो फुकट होता.

"आई, तुझ्या बुटाचं माप?"

"मी वैदेहीच्या चपला घालते की. तेच लिही."

त्याने तिची चप्पल मोजून माझं माप लिहिलं. आणि वैदेहीचं? तिचे बर्फातले बूट मोजून. ते तिने जाड मोजे मावावेत म्हणून मुद्दाम मोठे घेतलेले.

डोंगरावर वैदेहीचा पाय बुटात खुळखुळला. बदलून घ्यायची रांग पार दाराबाहेर. वैदेहीचे डोळे भरले. तिने पिशव्यांकडे पाहिलं.

मी माझे बूट तिच्यापुढे सरकवले. "हे घाल."

घातले. खट्कन बसले. स्की द्यायच्या खिडकीतला पोरगा स्क्रू फिरवायला बसला आणि त्याने वजन विचारलं. वैदेहीने वाकून त्याच्या कानात सांगितलं.

"किती सांगितलंस?" मिलिंद म्हणाला.

"त्याला हवं होतं तेवढं."

नाव बदलायचं तर पुन्हा रांग होती. मग राहू दिलं. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली स्की घेऊन, टोपी, चष्मा आणि नाकावर फडकं बांधून सून वर्गात गेली. दुपारी मी आतून काचेतून पाहिलं, तर वरून दोघी येत होत्या. इरा पुढे, ही मागे. मध्ये एकदा पडली. इरा थांबली. ही उठली आणि खालपर्यंत आली.

मी दाराशी आले तोवर खाली मास्तरने हातातला कागद वाचला आणि मोठ्याने सांगितलं, आज पहिल्यांदाच स्की केलेल्या या आजी, वय वर्षं अडुसष्ट! सगळा डोंगर टाळ्या वाजवायला लागला. वैदेहीने फडकं आणखी वर ओढलं. इरा सगळ्यात जोरात वाजवत होती.

एक गोरी बाई वैदेहीच्या मागोमाग आत आली आणि तिने विचारलं, या वयात एवढी शक्ती कशाने? वैदेहीने माझ्या डब्याकडे बोट दाखवलं. मी बाईला मेथीचा लाडू दिला. बिचारीने कडू तोंडाने सगळा संपवला.

त्या दिवशीचं सर्टिफिकेट आमच्या फ्रिजवर आहे. इंग्रजीत मला माझं नाव तेवढं वाचता येतं, इराने शिकवलंय. परवा संक्रांतीच्या तिळगुळाला इथल्या कॉलेजात नवीनच शिकायला आलेला एक मुलगा घरी आला होता. तो कागदापुढे उभाच राहिला.

"आजी, हे तुम्ही केलंत? भीती नाही वाटली?"

"उतरताना थोडी वाटली," मी म्हटलं.

वैदेही पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आई मध्ये एकदा पडल्या होत्या. पण स्की नाही सुटली."