सुनंदा पडद्यावर रुंद दिसली

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तरी आता माझं काय वाकडं करणार होतात?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मीरा रोडला राहायचो. धाकटा दीर मस्कतला नोकरीला. स्वतःच्या लग्नाला आला तेव्हा त्यानं रुंद पडद्याचा टीव्ही आणला. अख्ख्या इमारतीत तसा दुसरा नव्हता. पण आपल्याकडच्या कॅसेटी, केबल — सगळ्यांचं चित्र जवळजवळ चौकोनी. ते जसंच्या तसं ठेवलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. पट्ट्या घालवायच्या तर चित्र आडवं ताणायचं. मग क्रिकेटचा चेंडू अंड्यासारखा आणि माणसं लाटल्यासारखी पसरट. रिमोटवर त्याचं बटण होतं. सासूबाईंना पट्ट्या खपत नसत. "एवढा मोठा टीव्ही, आणि चित्र मधेच अंग चोरून का बसलंय?" त्या दुपारी झोपल्या की माझी नणंद सुनंदा बटण दाबून माणसं बारीक करायची, त्या उठायच्या आत पुन्हा रुंद. हे फक्त आम्हा दोघींना जमायचं.

सुनंदा चोवीस वर्षांची. सडपातळ, तुरुतुरु चालणारी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे माझ्या मुलाची शाळा, जेवण, अभ्यास सगळं तिच्याकडे. म्हणून तर मी काशीमीऱ्याला ट्रान्सपोर्ट कंपनीत जाऊ शकत होते. कुठला ट्रक सुटला, कुठला घाटात अडकला, कुठल्या ड्रायव्हरनं फोन केला नाही, हे मी बघायची. ते मला तोंडावर मॅडम म्हणायचे. मागे काय म्हणायचे तेही ठाऊक होतं. मला ते काम आवडायचं. बाईनं असं म्हटलं की लोक घरची अडचण शोधतात. अडचण नव्हती. आवडायचं.

मग नाशिकचं स्थळ आलं. मुलाचा फोटो सुनंदानं माझ्या मुलाच्या गणिताच्या वहीत ठेवला आणि ती वही दिवसातून चारदा तपासायला लागली. मला कळत नव्हतं असं म्हणू? कळत होतं. तिचाही फोटो गेला होता — स्टुडिओतला, खांद्यापर्यंतचा.

एका सकाळी नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "सुनंदाचं जमलं की तू घरी थांबशील." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात नाशिकच्या मुलाची आई आणि बहीण न कळवता आल्या. मुंबईत काम होतं, संध्याकाळी परतायचं होतं. सुनंदा सासूबाईंना घेऊन साताऱ्याला मामांकडे गेलेली. माझ्या मुलाकडे बघायला म्हणून मी रजेवर. बहीण म्हणाली, "वहिनी, दिरांच्या लग्नाची कॅसेट असेल ना? त्यात दिसतीलच त्या."

लावली. टीव्ही रुंदवर होता. ते मी केलं नव्हतं, पण रिमोट माझ्या हातात होता. हिरव्या साडीतली सुनंदा अक्षतांचं ताट घेऊन आली — होती त्याच्या सव्वापट.

मी बटण दाबलं नाही.

इथे थांबले असते तर — पण नाही थांबले. पडद्यावर मीही होते, पिंपासारखी. मुलाची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बाई, तुम्ही केवढ्या बारीक झालात!" मी म्हटलं, "काशीमीऱ्यापर्यंत पायी जाते ना." रिक्षानं जायची मी. मग बहिणीनं हळूच विचारलं, "आणि सुनंदाताई? त्याही झाल्या असतील बारीक?"

"ती काय, घरातच असते," मी म्हणाले, आणि चहात साखर किती ते विचारलं.

निरोप आला तो सुनंदा परतल्यावर. मुलाला बारीक अंगाची हवी. ती आधी हसलीच. मग स्वयंपाकघरात आली. "वहिनी, कॅसेट लावलीस तेव्हा माणसं रुंद होती की बारीक?"

ती चिडली नव्हती. आशेनं विचारत होती. मी 'रुंद' म्हटलं असतं तर लगेच नाशिकला फोन गेला असता, सगळे हसले असते, आणि महिन्याभरात सुपारी फुटली असती.

मी म्हटलं, "बारीक. पट्ट्या ठेवूनच लावली होती."

"मग मी खरंच —" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती अर्ध्या भाकरीवर आली. ब्लाउज सैल झाले, गालफडं दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, नखरे. मी बघत होते. बघून, माझा डबा भरून कामावर जात होते. तिचं लग्न चार वर्षांनी झालं, अंबरनाथला. तोवर माझा मुलगा स्वतःचं स्वतः करू लागला होता, आणि त्या ऑफिसचा अर्धा कारभार माझ्याकडे आला होता.

नोकरी केल्याचा मला पश्चात्ताप नाही. आजही नाही. भांडायला हवं होतं नवऱ्याशी, हे तेव्हाही कळत होतं. मी सुनंदाला गाठलं — ती सोपी होती.

ती आता पन्नाशीला आलीय. माहेरी आली की माझ्या शेजारी जेवायला बसते, भाकरी मधोमध मोडते आणि अर्धी माझ्या ताटात ठेवते. "तू खा वहिनी. तुझ्या अंगाला काही लागत नाही."

मी खाते.