वर्तुळाकार आरएनए आणि भाचीचं लग्न

रक्ताच्या एका थेंबात माणसाचं भवितव्य लिहिलेलं असतं. इस्पितळाच्या नव्या संशोधन विभागाच्या उद्घाटनाला लावलेल्या फ्लेक्सवर तसं छापलं होतं. आत नर्सने, सही नंतर घेऊ म्हणत, दाजींच्या दंडातून रक्ताच्या दोन नळ्या भरून घेतल्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरतेच्या डिंडोलीत घर, सगळी उमर कापडाचे लूम चालवण्यात गेलेली. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. मी बँकेतला, इंग्रजी वाचणारा, म्हणून प्रत्येक कागदाला मला धरून नेत. त्यांना एवढंच कळायला हवं होतं: मुलीचं लग्न दिवाळीनंतर इथेच सुरतेत उरकावं, की मे महिन्यात सगळे खानदेशात जातात तेव्हा गावी थाटात करावं? मेपर्यंत आपण उभे असू का?

आधी दीप, मग शाली, मग तीन भाषणं. दाजींना बसवत नव्हतं, तरी बसले. शेवटी डॉक्टरसाहेबांनी पडद्यावर वर्तुळं दाखवली. साध्या आरएनएला दोन टोकं असतात, तो टोकाकडून कुरतडला जातो. वर्तुळाकार आरएनएला टोकच नाही, म्हणून तो रक्तात जास्त टिकतो. त्याच्या प्रमाणावरून आजार पुढे कसा वागेल, याचा अंदाज कधीतरी बांधता येईल.

"काय म्हनस डागदर?" दाजींनी कानाशी विचारलं.

"रक्तात गोल धागे असतात म्हणे."

"ते ऱ्हाऊ दे. लगन दिवाळीनंतर का मे मा, ते इचार."

मी विचारलं. डॉक्टर सज्जन होते, त्यामुळे आणखीच वैताग आला. "जुओ भाई, ये तो सैकड़ों मरीज़ों का हिसाब है. एक आदमी का नहीं बता सकते." शिवाय अकरा पानी संमतीपत्रात नवव्या पानावर स्पष्ट होतं: निष्कर्ष रुग्णाला कळवले जाणार नाहीत.

"मंग सही कसाले?" शेजारी बसलेली ताई भडकली. माझाही तोच प्रश्न होता, फक्त मी तो शुद्ध भाषेत मनात ठेवला होता.

"कोनाना तरी कामे येई," दाजी म्हणाले. "पेन आन इकडे."

सही होताच कोणीतरी फोटो काढला. त्यात डॉक्टर, पाहुणे आणि समई आहेत.

घरी येऊन ताईने जवळच्या गोडादरा भागातल्या हॉलवाल्याला फोन लावला. दिवाळीनंतर त्याच्याकडे एकच दिवस रिकामा होता. दहा मिनिटांत मुहूर्त निघाला. मंगळवार, दुपारी बारा ते तीन. तीननंतर हॉल दुसऱ्यांना दिलेला होता.