बांगड्या कुणाला ऐकू आल्या?

अगं बायांनो, जवळ या, अशा लांबून काय वाचता! ग्रुपवर रोज कॉफीचे फोटो टाकता, पण माझ्या सुनेकडे, प्रियाकडे, एकीचंही पाऊल वळलं नाही. भिता की काय?

भुतंखेतं, चमत्कार... मी कधी मानलं नाही. हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

प्रियाला दिवस गेले होते, पाचव्या महिन्यात तंजावूरच्या एका स्कॅन सेंटरात गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलाला बाहेर नेऊन इंग्रजीत सांगितलं — बाळाच्या हृदयात दोष, कण्यात दोष, दोन्ही कान बनलेलेच नाहीत. आणि जिच्या पोटात बाळ, ती आत पोटावर जेल घेऊन एकटी पडलेली! मी दारच ढकललं. "तिला सांगा हो, तिला!"

सगळं ऐकून घेतलं तिनं. दोन दिवसांनी म्हणाली, "अम्मा, जितकं जगेल तितकं जगू दे."

सातव्या महिन्यात आमच्याकडे वळैकाप्पु — गर्भारणीचे हात काचेच्या बांगड्यांनी भरायचे, बाळाला किणकिण ऐकू यावी म्हणून. पापनाशमहून माझी नणंद आली ती तोंड वाजवतच. "कसला वळैकाप्पु, वहिनी? ऐकायला कान आहेत का? ग्रहणात वांगं चिरलं हिनं, त्याचं हे!"

"वांगं मी चिरलं होतं," मी म्हटलं, "आणि खाल्लंस तू. दोनदा वाढून घेऊन."

प्रियाचे हात मीच भरले.

पुढच्या आठवड्यात परत स्कॅन. बाळ पाठ करून होतं, चेहरा दिसेना. डॉक्टरीणबाईंनी पोट हलवून पाहिलं, नाहीच. प्रियानं केस मागे सारायला हात उचलला, बांगड्या वाजल्या... आणि पडद्यावर बाळानं मान वळवली! मी माझ्या वाजवल्या — काही नाही. प्रियानं परत वाजवल्या — वळलं. तीनदा! "योगायोग असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण मशीनवरचा त्यांचा हात थांबला होता.

मुलगी झाली. सकाळी आली, दुपारी गेली. तेवढा वेळ प्रियाच्या छातीवर होती, आणि बांगड्या वाजल्या की तिकडे तोंड करायची. डॉक्टरांनी तपासलं — कान खरंच नव्हते, आतूनही नाही. मग तिनं ऐकलं काय? कशानं? मला आजही ठाऊक नाही.

नणंद अजून गावभर ग्रहणच सांगत फिरते. अस्सा संताप येतो!

बाळंतपण झालं की त्या बांगड्या नर्सला द्यायची रीत. प्रियानं दिल्या नाहीत. कुणी आलं की हात ओढणीखाली लपवते... या गं लवकर. कॉफी मी करीन. ग्रहणाचं नाव काढू नका. तिला तिच्या लेकीचं विचारा.