काचेसमोरचा देव्हारा

मैत्रिणीच्या आईबाबांसोबत मी हिमालयातल्या एका गावी घर बघायला गेले होते. दिवाणखान्याच्या मोठ्या काचेतून बर्फाचा उतार दिसत होता. त्यावरून माणसं स्कीवर घसरत होती.

काका म्हणाले, "या काचेसाठीच तर हे घर घ्यायचं."

काकूंनी मोबाइलवर दिशा पाहिली. "पूर्व हीच. देव्हारा इथंच येणार."

"अगं, डोंगर झाकला जाईल ना!"

"जाऊ दे. देव नाहीत ते घर कसलं? मग लॉजवरच राहू."

आमच्या घरी एकच खिडकी आहे आणि तिच्यात देव आहेत. खिडकीतून नुसतं बाहेरही बघत बसतात, हे मला बहुधा कॉलेजात गेल्यावरच कळलं.

काका काचेसमोर जाऊन उभे राहिले. मग छातीशी हात आडवा धरून, देव्हाऱ्याच्या वर किती डोंगर उरतो ते बघू लागले.