तिसरा वाटा

मी खाटीक. तीस वर्षं लोकांच्या कुर्बानीची जनावरं कापतोय, तेव्हा कोण किती दानशूर ते मला कुणी सांगू नये. वाटे तीन करायचे: एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा. सुरी मी चालवतो, पण ढीग मालक लावतो. मांडी कुठल्या ढिगात गेली आणि हाडं-चरबी कुठल्या, हे नुसतं बघितलं की माणूस कळतो.

पण सांगायचंय ते आपाबद्दल. आपा, म्हणजे साऱ्या मोहल्ल्याची थोरली बहीण, शिवणकाम करायची. आई गेली तेव्हा ती सोळाची, भाऊ सहाचा. चालून आलेली दोन स्थळं तिने परत पाठवली. म्हणे, हा आधी हाताशी येऊ दे. तो हाताशी येईपर्यंत हिचे केस पिकायला लागले. मग कुणीतरी एक बिजवर बघून दिला, तोही चार वर्षांत गेला. त्यागावर लोक तासतासभर तोंडाची वाफ दवडतात. ही बाई मशीनवर बसून मुकाट्याने तो करत होती. मोहल्ल्यात गरिबाघरी मयत झाली की कफन आपाने बेतलेलं, कापडही तिच्याच पदरचं. "कुणाला सांगू नका," एवढंच म्हणायची.

भाऊ आता लाकडाच्या वखारीचा मालक. दर कुर्बानीला नात्याच्या वाट्यातलं मांस डब्यात भरून तो स्वतः बहिणीकडे घेऊन जायचा. त्या दिवशी आपा मशीन बंद ठेवायची आणि दाराशी बसायची. मांसाचं काय घेऊन बसलात, भाऊ दारात येतो याचंच तिला अप्रूप.

गेल्या खेपेला त्याच्या अंगणात मंडप उभा राहिला. फाटकापाशी टेबल, एकसारख्या पिशव्या, बायकोच्या हातात याद्या. मी विचारलं, "शेठ, आपाचा डबा भरू ना?"

"तिची पिशवी सकाळीच ड्रायव्हरबरोबर गेली. गरिबांच्या वाट्यातली."

"गरिबांच्या?"

"मग काय श्रीमंत आहे ती? नात्यात आता व्याही आले, जावई आले, कुणाकुणाला पुरवायचं? शिवाय गरिबाला दिलं की अल्लाच्या दरबारी सवाब जास्त."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी नेमका मूग गिळून बसलो. पुढच्या वर्षीचं काम जाईल ही भीती, दुसरं काय.

दुपारी आपा आली. रांगेत नाही, बाजूने थेट टेबलाशी आली. ओढणीखाली डबा होता.

"अरे, तुझा ड्रायव्हर चुकला बघ," ती हसत म्हणाली. "गरिबांची पिशवी माझ्या दारात टाकून गेला. मी ती समोरच्या हमालाकडे पोचवली, कुणाचा हक्क बुडायला नको. म्हटलं, तू आज कामात असशील, आपला डबा आपणच घेऊन यावं."

भावाने रांगेकडे बघितलं. "आपा, चूक नाही झाली. ती पिशवी तुझीच होती."

"माझी?"

"हो. आणि आता एका घराला एकच. सगळ्यांना सारखा नियम."

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती शरमली, जणू चूक तिचीच झाली होती. रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यातल्या दोघींच्या घरची कफनं तिनेच बेतली होती.

"म्हणजे मी आता नात्यात नाही?" तिने हळूच विचारलं.

"तसं नाही गं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. लोक खोळंबलेत."

मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. धरली नाही. मी हाडं तोडत राहिलो.

आपाने डबा परत ओढणीखाली घेतला. "बरं. तुझी कुर्बानी कबूल होवो," ती म्हणाली. तो टोमणा नव्हता. मी तिला ओळखतो, ती खरंच दुआ देत होती.

"आमीन," तो अगदी मनापासून म्हणाला आणि पुढच्या बाईच्या हातात पिशवी ठेवली.