भट्टीचा लाल दिवा

बडेसाब बोलण्याच्या बाबतीत पक्के कंजूष. कुणी जळालेला पंखा घेऊन आलं की ते तो नाकाशी न्यायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "परवा." झालं बोलणं. गिऱ्हाईक जुनं असेल तर समजून जायचं, नवं असेल तर उगाच ताटकळत उभं राहायचं. माणूस मात्र वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कामाला सोन्यासारखा होता, फक्त जीभ जणू घरी कुलपात ठेवून दुकानात बसायचा. आणि दुकान तर घरातच होतं.

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका बोळात त्यांचं घर. पुढच्या खोलीत मोटारी भरायचं काम, म्हणजे पंख्याची, मिक्सरची, पाण्याच्या पंपाची जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. मागे स्वयंपाकघर. मधलं दार कायम उघडं. तार गुंडाळून झाली की तिला व्हार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं. भट्टी म्हणजे पत्र्याचं जुनं कपाट, आत हिटर बसवलेला. भट्टी चालू असली की भिंतीवरच्या बोर्डावर लाल दिवा लागायचा. सगळा धोका त्या कपाटात होता. भट्टी जास्त वेळ चालू राहिली की व्हार्निश पेट घेणार, हे बडेसाबांना पाठ होतं.

त्यांची बायको साबेरा होती तोवर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची. घरात बोलणं दखनीत चालायचं. बाकीचं मी मराठीत सांगतो, पण भट्टी बंद केलीत का, हा एक प्रश्न तिच्याच शब्दांत राहू दे.

"बंद करे क्या जी?"

"हौ," बडेसाब म्हणायचे. मान वरसुद्धा करायचे नाहीत.

अशी कितीतरी वर्षं गेली. मुलगी फिरदोस शिकली, लग्न होऊन वैरागला गेली. मग साबेराही गेली, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन, भाकरी थापता थापता. त्यानंतर दोन रमजान गेले. आणि या काळात बडेसाब भट्टी विसरायला लागले.

आधी एकदा कॉइल करपली. मग एकदा कपाटाचा रंग उतरला. हे फिरदोसच्या कानावर गेलं. बापाचं वय झालं, डोकं काम देईना, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं तोडगा काढला, "भट्टी लावली की टोपी बटणावर अडकवायची. टोपीशिवाय तुमी नमाजला जात न्हाय. टोपी घ्यायला गेला की बटण हाताला लागंल." तोडगा नामी होता. बडेसाब उघड्या डोक्यानं मशिदीत गेलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. टोपी काढली की बटण बंद, हे हाताच्या सवयीचं झालं आणि काही महिने सगळं सुरळीत चाललं.

पण मशिदीच्या दाराशी एक टोपली असते. तिच्यात प्लास्टिकच्या जाळीच्या टोप्या असतात, विसरभोळ्यांसाठी ठेवलेल्या. एक दिवस अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजची अजान झाली तेव्हा एक गिऱ्हाईक दारात हुज्जत घालत होतं. त्याला वाटेला लावता लावता बडेसाब तसेच निघाले. मशिदीच्या पायरीवर डोक्याला हात गेला, टोपी नव्हती. त्यांनी टोपलीतली उचलली, डोक्यावर ठेवली आणि आत गेले. आपली टोपी कुठं राहिली, का राहिली, हा विचार मनाला शिवलाही नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं भट्टी पेटल्याचं कळलं ते शेजारच्या शरणप्पाला. शिलाई मशीन सोडून तो धावला, मीटरजवळचं मेन बटण पाडलं आणि पोत्यानं कपाट झोडपून काढलं. बडेसाब परतले तेव्हा बोळात धूर होता आणि बोर्डावर टोपी लटकत होती. डोक्यावर अजून मशिदीचीच होती.

"बडेसाब, आज वाचलाव," शरणप्पा म्हणाला. "पुन्ना वाचाल असं न्हाय." आणि त्यानंच वैरागला फोन केला.

फिरदोस दुसऱ्या दिवशी आली. तिनं आरडाओरडा केला नाही, हेच बडेसाबांना जास्त लागलं. तिनं भिंत धुतली, काजळी खरवडली, मग शांतपणे सांगितलं, "भट्टी भंगारात घालायची. काम बंद. माझ्यासंगं वैरागला चलायचं."

बडेसाबांना ते पटेना. लेकीच्या घरी काही कमी नव्हतं. जावई भला माणूस होता. पण तिथं सकाळी उठून हातांनी करायचं काय? बसून नुसती वाट बघायची, आणि तीही कशाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते बोलले मात्र एवढंच, "एकाचा पंप आलाय करून द्यायला. तेवढा होऊ दे."

भट्टीचा हिटर शाबूत होता. संध्याकाळी त्यांनी पंपाची कॉइल आत ठेवली आणि बाकावर खाली मान घालून पाने-पकडी पुसत बसले. आत फिरदोस चुलीपाशी आईच्या जागी पाटावर बसून भाकरी करत होती. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"बंद करे क्या जी?" आईचेच शब्द. तिच्या तोंडून आपसूक निघून गेले असावेत.

"हौ," बडेसाब म्हणाले.

"कुटं केली? दिवा लागलाय की."

बडेसाबांनी मान वर केली. दिवा खरंच लाल होता. ते उठले, बटण बंद केलं आणि आत गेले. "तुला तिथनं दिसतो?"

"हितनं सरळ दिसतो. बसा बगू."

ते पाटावर बसले. उघड्या दारातून बरोब्बर समोर बोर्ड होता. इतक्या वर्षांत ते या जागेवर कधी बसलेच नव्हते.

"मग बंद कोण करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अम्मीच की. तुमी हौ म्हणून कामात गुंतायचा. ती पिठाच्या हातानं उठून बटण पाडून यायची. बटणावर कायम पीठ असायचं, तुमी बगितलं न्हाय?"

पाहिलं होतं. धूळ समजून पुसलंही होतं. म्हणजे ते आता विसरायला लागले नव्हते. त्यांना कधीच आठवत नव्हतं.

"पण तिला हितनं दिसत होतं," बडेसाब म्हणाले. "मग रोज विचारायची कशाला?"

फिरदोसनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला ते सांगावंसं वाटत नव्हतं, पण बापानं विचारलं होतं.

"दुसरं काय बोलत होता तुमी तिच्याशी, अब्बा? तेवढं एक हौ तरी मिळायचं."

बडेसाबांनी बोर्डावरच्या बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलावं तसं सांगितलं, "मला नेऊ नको. भट्टी लावली की मी दुसरं काम करणार न्हाय, नमाजच्या वेळी लावणार न्हाय, ती बंद होईस्तोवर हितंच या पाटावर बसणार." फिरदोसनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलावून ठेवलेल्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

ती गेल्यावर ते खरंच तसं करू लागले. कॉइल आत ठेवायची, बटण दाबायचं आणि साबेराच्या पाटावर येऊन बसायचं. समोर लाल दिवा. हाताला काम नाही, बोलायला कुणी नाही. कॉइल वाळायला इतका वेळ लागतो, हे बाकावर बसून कधी जाणवलं नव्हतं. पाटावर बसल्यावर संध्याकाळ सरता सरत नाही. हे साबेरानं रोज काढलं, आणि तेही समोर माणूस दिसत असताना, असं आता त्यांच्या मनात येतं.

वेळ भरत आली की ते उघड्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं विचारतात, "बंद करे क्या जी?"

थोडं थांबतात. मग उठून स्वतःच बटण पाडतात.