डावा पट्टा, उजवा पट्टा

मी आज जो काही आहे, तो काशिनाथदादामुळे. माझा थोरला भाऊ. आणि त्याच्याबद्दलची ही एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

दादा रंगारी. मी शिकावं म्हणून सातवीत शाळा सोडून परांचीवर चढला. आपटा गावातल्या आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवीदान समारंभाला यायच्या आधी त्याने हात रॉकेलने घासले होते, नखांतला रंग जाईपर्यंत. कशासाठी? माझ्यासाठीच ना.

पनवेलला फ्लॅट घेतला तेव्हा तो म्हणाला, "बाळू, रंग आमीच लावणार. दुसऱ्याला हात लावू देणार नाय."

बैठकीला फिका बदामी रंग हवा होता. दादाने भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारले. मला दोन्ही सारखेच दिसले. तो हसला. "साहेब झालास, पण डोळं नाय आलं तुला. वाळू दे. सकाळच्या उजेडात बघ, मंग ट्यूबलाइटखाली बघ. घाई केलीस तर जन्मभर भिंत तोंड वाकडं करील."

संध्याकाळी — कसं सांगू? — ऑफिसातले वरिष्ठ घर बघायला आले. दादा घोडीवर चढून छताची कडा रंगवत होता. त्यांनी वर पाहिलं. "काम साफ आहे रे याचं. कुठून आणलास?"

मी म्हणालो, "मजूर नाक्यावरून."

एवढंच. कुणी विचारलं होतं का तो माझा कोण म्हणून? नव्हतं. भाऊ आहे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही.

दादाचा ब्रश क्षणभर थांबला. मग, मागे न वळताच, तो मला म्हणाला, "साहेब, पट्टे बघून ठेवा. सकाळी एक सांगा."

माझं खोटं त्याने सांभाळून घेतलं. नुकताच माझी थट्टा करताना वापरलेला 'साहेब' हा शब्द — आणि मी त्याला तो खराच म्हणायला लावला.

सकाळी उजेड आला. डावा पट्टा दुधावरच्या सायीसारखा, उजव्यात किंचित गुलाबी झाक. मला स्पष्ट दिसलं. पण त्याच्या शेजारी उभं राहून भिंतीकडे बघवेना. "कुठलाही लाव," म्हणालो आणि ऑफिसला निघून गेलो.

त्याने डावा लावला. त्यानंतर तो कितीदा आला, जेवला, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचला. त्या संध्याकाळबद्दल अवाक्षर नाही.

मी हॉस्टेलवर असताना त्याला पत्रं लिहायचो. ओळीखाली बोट फिरवत तो वाचायचा. म्हणून परवा पुन्हा पत्रच लिहिलं. ते असं —

ती. दादास नमस्कार,

त्या संध्याकाळी मी तुला नाक्यावरचा रंगारी म्हणालो. तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. काल त्या वरिष्ठ साहेबांना सांगितलं, की त्या दिवशी घोडीवर होता तो माझा थोरला भाऊ.

आणि दोन्ही पट्टे सारखे नव्हते. सकाळी मला फरक दिसला होता.

तुझा,
बाळू